एक ग्लास म्हणजे किती

मोजमापाचा धडा तिसरीच्या पुस्तकात शेवटून दुसरा आहे. ज्याने कुणी तो तिथे घातला, त्याने आयुष्यात कधी वर्ग सांभाळलेला नसणार. वर्षाच्या त्या टोकाला पोरं उकाड्याने चिडचिडी झालेली असतात, बाईंचा घसा बसलेला असतो, आणि पुस्तक म्हणतं, मुलांना साहित्य हाताळू द्या. एका खोलीत चाळीस पोरं, एक बादली पाणी आणि हाताळू द्या. पुस्तक लिहिणाऱ्याने एकदा येऊन ती फरशी पुसून दाखवावी, मग पुढचं बोलू.

तरी शिकवते मी. इतकी वर्षं शिकवते की पोरं कुठे चुकणार ते मला त्यांच्या आधी माहीत असतं. पहिल्या दिवशी विती. माझं टेबल किती विती लांब आहे ते प्रत्येकाने मोजायचं. जाड्या म्हणून एक पोरगा आहे, पंजा म्हणजे फावडं. त्याच्या सात विती भरल्या. मग मुंगी आली. वर्गात सगळ्यात लहानखुरी म्हणून पोरं तिला मुंगी म्हणतात आणि तीही ओ देते. तिच्या अकरा भरल्या.

"बाई, ही लबाडी करते," जाड्या म्हणाला.

"मी नीट मोजलंय, तूच बोटं ताणली."

मग नेहमीचं भांडण. मी थोडा वेळ होऊ दिलं, कारण माझ्यात ओरडायची ताकद नव्हती आणि तेवढंच बसायला मिळालं. शेवटी विचारलं, "टेबल काय रबराचं आहे? याच्यासाठी आखडतं आणि हिच्यासाठी लांबतं?" पोरं टेबलाकडे बघायला लागली. एकाने तर दाबूनही पाहिलं. मग मी सांगितलं की वीत म्हटलं की आधी विचारायचं, कुणाची वीत. ते ठरल्याशिवाय मोजण्याला अर्थ नाही. मुंगीने हात वर केला आणि विचारलं की तिची वीत चूक आहे का. चूक नाही, मी म्हटलं, पण ती तुझी आहे, दुसऱ्याला तिचा उपयोग नाही. पोरीने आपला पंजा उलटसुलट करून पाहिला.

ही मुंगी आमच्याच इमारतीत राहते, आमच्या बरोबर डोक्यावर. तिचा बाप लिफ्ट दुरुस्त करतो, आई धुलाईच्या दुकानात इस्त्रीला असते. शाळा सुटल्यावर आई घरी यायला तासभर लागतो, म्हणून त्यांच्या घराची किल्ली आमच्याकडे असते. मी त्या वेळात शाळेतच असते, वह्या तपासत नाहीतर मोठ्या बाईंच्या मीटिंगमध्ये पेंगत. मग आमचे हे किल्ली घेऊन वर जातात, दार उघडून देतात आणि आई येईपर्यंत पोरीजवळ बसतात. ती त्यांना खालचे आजोबा म्हणते. बरं वाटायचं मला. घरात बसून भिंती मोजण्यापेक्षा तेवढाच माणसाला विरंगुळा.

यांची किडनी जाऊन दोन वर्षं होतील. त्याआधी हे सिनेमाच्या थिएटरात प्रोजेक्टर चालवायचे. वरच्या कोंदट खोलीत, मशीनच्या धगीत बसून तांब्याने पाणी प्यायचे, वर तोंड करून, घटाघटा. लग्न झालं तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, याला जेवायला उशीर झाला तर चालेल, पण माठ रिकामा ठेवू नकोस. अशा माणसाला डॉक्टरांनी सांगितलं की दिवसाला एक लिटर. चहा, औषधाचं पाणी, सगळं धरून. आठवड्यातून दोनदा हॉस्पिटलात मशीन लावायचं, अंगात साठलेलं पाणी ओढून काढायचं आणि घरी यायचं.

थंडीत एकदा पाणी जास्त झालं. फुप्फुसात भरलं. पहाटे पलंगाच्या काठावर बसून हे श्वास शोधत होते. दुसरा शब्द नाही माझ्याकडे, शोधतच होते. वाचले. डॉक्टरांनी मला बाहेर घेतलं आणि म्हणाले, "बाई, हृदय ताणलं गेलंय. पुन्हा असं पाणी भरलं तर मला काही करता येईल असं धरून चालू नका."

त्या दिवसापासून मी डोळ्यांत तेल घालून मोजते. शाळेतल्यासारखं रेघा असलेलं एक मापाचं भांडं विकत आणलं. सकाळी एक लिटर मोजून बाटलीत भरायचं. चहा करायचा तर कपभर पाणी त्याच बाटलीतून घ्यायचं. संध्याकाळी बाटली संपली की दिवस संपला. यांनी माझ्यासमोर शब्द दिला, "या घरात बाटलीबाहेरचा एक थेंब घेणार नाही." माणूस शब्दाचा पक्का आहे, एवढं मला माहीत होतं.

आणि तरी वजन वाढत होतं. मशीनला बसवण्याआधी वजन करतात. मागच्या वेळेपेक्षा जितकं वाढलं तितकं पाणी अंगात साठलं, इतका सरळ तो हिशेब. पंधरा दिवस झाले, काटा दरवेळी सांगितल्यापेक्षा अर्धा किलो जास्त दाखवत होता. तिथल्या सिस्टर तशा चांगल्या आहेत, पण जीभ म्हणजे कात्री. त्या म्हणाल्या, "बाई, तुम्ही शाळेत शिकवता ना? मग एक लिटर म्हणजे किती, हे माहीत असेल तुम्हाला."

रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं. घरी आल्यावर मात्र बोलले, अगदी शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल असं. कुठे पिता, कधी पिता, नळाला तोंड लावता का, माझ्या जिवाला घोर लावून तुम्हाला काय मिळतं. हे खुर्चीत बसून सगळं ऐकत राहिले आणि एवढंच म्हणाले, "या घरात मी थेंब घेतला नाही." पुढचे दोन दिवस बोलणं बंद, आणि ताटात अर्धं जेवण तसंच. उपाशी राहून वजन कमी दाखवायचा विचार होता की राग होता, कोण जाणे. दोन्ही मला परवडण्यासारखं नव्हतं.

अशा डोक्याने मी वर्गात पाण्याचा धडा सुरू केला. घरी अभ्यास दिला, "घरात दिवसभरात कोण किती ग्लास पाणी पितं ते मोजा. एक ग्लास प्यायलं की बाटलीचं एक झाकण बाजूला ठेवायचं. उद्या झाकणं घेऊन या." हा माझा जुना डाव आहे. दुसऱ्या दिवशी पोरं झाकणं आणतात, कोण म्हणतं माझे बाबा वीस ग्लास पितात, कोण म्हणतं आमची आई चारच, आणि मग मी विचारते, ग्लास कुठला? प्रत्येकाच्या घरचा ग्लास वेगळा निघतो, पोरं चक्रावतात, आणि तिथून लिटर-मिलिलिटर शिकवायला घ्यायचं. विती झाल्या की ग्लास, ग्लास झाला की मापाचं भांडं. ठरलेला रस्ता.

दुसऱ्या दिवशी पोरांनी झाकणं आणली. खिशात, डब्यात, एकाने मोज्यात. माझ्या टेबलाशी एकेक येऊन ढीग लावू लागला. मुंगीने चार ढीग लावले.

"हे आईचे, हे बाबांचे, हे माझे. आणि हे खालच्या आजोबांचे, तीन." मग तिने मान वर केली. "बाई, ते तुमच्या घरातले आहेत, पण पाणी आमच्या घरात पितात. मग ते कुणाच्या घरात धरायचे?"

मी त्या तीन झाकणांकडे बघत राहिले. या घरात थेंब घेतला नाही. खरंच होतं की ते. वरच्या घरात घेत होते. शब्दाचा पक्का माणूस.

"बाई?"

"तुमच्याच घरात धर," मी म्हटलं.

मग वर्गाला पाढे लिहायला लावले आणि खुर्चीत बसले. ग्लास कुठला, हा प्रश्न त्या दिवशी विचारायचा राहिला. दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी तपासणी येणार म्हणून भिंतीवरचे तक्ते बदलायला लावले, त्याच्या पुढच्या दिवशी अर्धा वर्ग तापाने आडवा. मी सरळ पुढचं पान उघडलं. मनात मात्र मी माझं उत्तर काढून मोकळी झाले होते. तीन ग्लास. ग्लास म्हणजे दोनशे मिलिलिटर. तीन दुणे सहा, सहाशे. लिटरच्या वर रोज सहाशे मिली.

यांना काही बोलायचं नाही असं मी ठरवलं. बोलून पाहिलं होतं, त्याचं फळ दोन दिवस ताटात दिसलं होतं. वर जाणं बंद करावं तर पोरगी एकटी पडणार, आणि हे कुठेतरी पिणारच, रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर नाहीतर थिएटरच्या जुन्या सोबत्यांकडे. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. तिथे माझ्यासाठी झाकणं कोण ठेवणार? त्यापेक्षा वरचं चालू दे. चोरी करू दे बिचाऱ्याला. फक्त तेवढं आपण खाली कमी करायचं. हजारातून सहाशे गेले, उरले चारशे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली अर्ध्यालाही पोचली नाही. हे बघत होते.

"हे काय?"

"डॉक्टरांचा फोन आला होता. कमी करा म्हणाले."

"तुला?"

"मग कुणाला? तुम्ही झोपला होतात."

हे भांडतील असं मला वाटलं होतं. मी उत्तरं जुळवून ठेवली होती. पण हे बाटलीकडे बघत थोडा वेळ उभे राहिले आणि "बरं" म्हणाले. बाटली उचलून आपल्या खुर्चीशी घेऊन गेले.

रोज वर्गात हजेरी झाली की मुंगी खडू घ्यायच्या निमित्ताने टेबलापाशी यायची. मी हळूच विचारायचे, काल किती? ती तीन बोटं दाखवायची. कधी चुकली नाही. एकदा दोन दाखवली आणि कारणही सांगितलं, आई लवकर आली म्हणून. त्या दिवशी मी बाटलीत दोनशे वाढवले. माझ्याइतकं चोख खातं कुठल्या बँकेचं नसेल.

आणि वजन उतरलं. सिस्टर म्हणाल्या, "आता कसं. मनावर घेतलं की होतं, बघा." मी रांगेतल्या सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली. सुंठीवाचून खोकला गेला असं वाटलं मला. त्या रात्री बऱ्याच दिवसांनी मला पडल्या पडल्या झोप लागली.

यांचे ओठ फाटायला लागले होते. बोलताना जीभ टाळूला चिकटायची, तिचा आवाज यायचा. जेवण उतरत नाही म्हणायचे. मी म्हटलं, उन्हाळा आहे, सगळ्यांचंच असं होतं. मग एक दिवस शाळेतून आले तर यांनी सगळी कपाटं आवरून ठेवलेली. विजेच्या बिलाच्या पावत्या कुठे आहेत, नळाचा मुख्य कॉक कुठे आहे आणि तो कुठल्या बाजूला फिरवायचा, हे मला दोनदा समजावून सांगितलं. मी म्हटलं, अहो, मला माहीत आहे, मी याच घरात राहते. दुसऱ्या दिवशी फोनवर बोलताना ऐकलं. आपल्या ताईंशी बोलत होते. घराच्या वाटणीवरून झालेल्या भांडणानंतर त्या बहीणभावांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. आणि हे म्हणत होते, "अगं, असंच केला, आवाज ऐकावासा वाटला." मी पिशव्या ठेवल्या आणि स्वयंपाकाला लागले. दमलेल्या माणसाला समोरचं दिसतं, पण ते जोडून बघायला जो जोर लागतो तो नसतो. एक आणि एक समोर मांडलेले होते, मी दोन म्हणाले नाही.

वजनाचा धडा चालू होता. पोरं तराजूच्या एका पारड्यात वजन आणि दुसऱ्यात आपापले डबे घालून बघत होती. शिपाई दारात आला आणि म्हणाला, "बाई, ऑफिसात चला. हॉस्पिटलचा फोन आहे." त्या दिवशी यांचा मशीनचा दिवस होता. मी वर्ग तसाच टाकला.

गेले तेव्हा हे पलंगावर आडवे होते, पाय उशांवर वर ठेवलेले, चेहरा राखेसारखा. मशीन चालू असताना रक्तदाब एकदम खाली गेला, पोटऱ्यांत गोळे आले, आणि मग दोन मिनिटं शुद्धच नव्हती. सिस्टर मला बघून पुढे आल्या.

"पाणी किती देता यांना?"

"एक लिटर," मी म्हटलं. मग म्हटलं, "म्हणजे, चारशे."

"चारशे? कुणी सांगितलं चारशे? अंगात काढायला काही नव्हतं, आणि मशीन ओढत होतं. डॉक्टर काय म्हणाले माहीत आहे? जास्त झालं की हृदय जातं, तसं कमी झालं तरी जातं."

"नाही हो सिस्टर, हे बाहेर पितात. रोज तीन ग्लास. मला माहीत आहे ना."

सिस्टरनी यांची हनुवटी धरून तोंड उघडलं. जीभ उन्हात पडलेल्या चामड्यासारखी, मधोमध चीर गेलेली. "रोज तीन ग्लास पिणाऱ्या माणसाची जीभ अशी नसते, बाई," त्या म्हणाल्या. या वेळी आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं.

एक रात्र ठेवून घेऊ म्हणाले. मी यांचे कपडे आणायला घरी आले. कुलूप न उघडता तशीच जिना चढून वर गेले. मुंगीची आई नुकतीच आली होती, हातात अजून पिशवी होती. "काय झालं हो बाई? आज खाली कुलूप होतं म्हणून ही दुकानात येऊन बसली," असं काहीतरी ती विचारत होती. मी मुंगीला म्हटलं, "आजोबांना ज्या ग्लासने पाणी देतेस, तो आण बघू."

पोरगी आत गेली आणि तिच्या खेळण्यांच्या डब्यातून एक पेला घेऊन आली. स्टीलचा, माझ्या अंगठ्याएवढा उंच. बाहुल्यांना पाहुणे म्हणून बसवतात ना, तसल्या खेळातला.

तिची आई ओशाळली. "अहो, खेळतात दोघं. हॉटेल-हॉटेल. ही वाढते आणि ते गिऱ्हाईक. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

मी पेला घेऊन खाली आले, मुंगी मागून. माझं मापाचं भांडं काढलं. पेला भरला, ओतला. भरला, ओतला. भरला, ओतला. पाणी दोनशेच्या रेघेला लागलंसुद्धा नाही. रोजचे पावणेदोनशे, तीन दिवसांचे अर्धा किलो. सिस्टर ज्यावरून ओरडत होत्या ते एवढंच होतं. रोज सहाशे पीत असते तर काट्यावर दोन किलो दिसले असते. हे गणित तिसरीचं नाही, फार तर चौथीचं असेल. मी ते मांडलंच नव्हतं. ग्लास कुठला, म्हणून पोरांना विचारायचं राहिलं ते राहिलं, स्वतःलाही विचारलं नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

"बाई, मी बरोबर मोजलं होतं ना?" मुंगीने विचारलं. तिचा चेहरा उतरला होता.

"बरोबर मोजलं होतंस," मी म्हटलं. "मीच चुकले." पोरीला ते काही खरं वाटलं नसावं.

हॉस्पिटलात परत गेले तेव्हा उन्हं कलली होती. सलाईन लावलं होतं आणि यांच्या चेहऱ्यावर थोडा रंग आला होता. मी स्टूल ओढून बसले आणि सगळं सांगितलं, झाकणांपासून अंगठ्याएवढ्या पेल्यापर्यंत. काही लपवलं नाही. लपवायलाही जोर लागतो.

हे छताकडे बघत ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे डॉक्टरांचा फोन आलाच नव्हता?"

"नाही."

"मी जास्त आजारी नाही?"

"होतात तेवढेच आहात. आज मी केलं तेवढं जास्त."

यांनी डोळे मिटले. डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे गेलं. "मला वाटलं, संपत आलं. तुला सांगितलं असेल आणि मला सांगायचं नसेल, म्हणून हळूहळू पाणी तोडतायत. म्हणून मग ताईला फोन केला."

मला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. "अहो, मरणार आहे असं वाटत होतं तर मला विचारायचं नाही? रोज नळाचे कॉक दाखवत बसलात ते."

"तू तरी कुठे विचारलंस, वर किती पिता म्हणून?"

पलीकडच्या पलंगावरच्या बाईने पाठ वळवली, आम्हाला मोकळं बोलता यावं म्हणून असेल.

"पण वर जाऊन प्यायचं कशाला?" मी विचारलं. "एवढं एवढं पाणी. तेवढ्याने तहान भागते का कुणाची?"

"तहान नाही भागत."

"मग?"

मला वाटलं यांना झोप लागली. मग म्हणाले, "पोरगी पेला भरून देते. मी पितो. मग ती विचारते, आणखी हवं का? मी म्हणतो, हवं. ती देते. असं तीनदा. मग तिचं हॉटेल बंद होतं." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "दोन वर्षांत मला असं कुणी विचारलेलं नाही, आणखी हवं का म्हणून. तू नाही, सिस्टर नाही, कुणीच नाही. सगळे पुरे म्हणतात."

"आणि मी विचारलं असतं आणि तुम्ही हो म्हणाला असतात, तर मी काय करायचं होतं? दिलं असतं तर गेला असतात."

"तू नाहीच दिलं असतंस. मला माहीत आहे ना." यांनी मान माझ्याकडे वळवली. "विचारलं असतंस, एवढंच."

मी यांचा हात धरून बसले. दुसरं काय करणार होते? खूप दमले होते मी. मरेपर्यंत कुणी मला काही मोजायला सांगू नये असं वाटत होतं, आणि सकाळी उठून पुन्हा मोजायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी यांना घरी आणलं. त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी मी मापाचं भांडं घेतलं आणि रेघेला डोळा लावून आठशे भरले. वरच्या हॉटेलसाठी दोनशे सोडले, आणि या वेळी यांना सांगून सोडले. हे गोळी घ्यायला स्वयंपाकघरात येऊन बसले. मी कपात पाणी ओतलं. गोळी टाकून यांनी ते प्यायलं, शेवटचा थेंब जिभेवर घेतला आणि कप खाली ठेवला. शाळेची वेळ होत आली होती. मी बाटलीचं झाकण लावायला घेतलं आणि थांबले.

"आणखी हवं का?"

यांनी बाटलीकडे पाहिलं. घशाची गाठ वर गेली आणि खाली आली. मग माझ्याकडे पाहिलं.

"नको," हे म्हणाले. "पुरे झालं."